नावापुढचा रकाना

नागपूरच्या गांधीबागेतल्या एका जुन्या कापड दुकानाची ग्राहकयादी आमच्याकडे आली, तेव्हा दुकानाचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक कोण हे सॉफ्टवेअरने पहिल्याच फटक्यात सांगितलं. वर्षभर जवळजवळ रोज खरेदी, सुती लुगड्यापासून पैठणीपर्यंत सगळा माल, कधी दुकान उघडल्या उघडल्या, तर कधी शटर अर्धं खाली आलेलं असताना. नावाचा रकाना रिकामा. मोबाईल नंबर ९९९९९९९९९९. या गिऱ्हाइकापुढे ‘व्हीआयपी’ आणि ‘निष्ठावान’ असे दोन टॅग आपोआप लागले होते. वाढदिवस तेवढा कोणी विचारला नव्हता, नाहीतर दरवर्षी सवलतीचं कूपनही गेलं असतं.

हा नंबर कुणाचा ते बिलाच्या काउंटरवर बसलेला कोणीही सांगेल. गिऱ्हाईक नंबर द्यायला नाही म्हणतं, मागे रांग असते आणि रकाना भरल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही. मग दहा वेळा नऊ. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने किरकोळ विक्रेत्यांना बजावलं होतं, की मोबाईल नंबर दिलाच पाहिजे असा आग्रह ग्राहकाकडे धरू नका. सूचना आली, सॉफ्टवेअरमधला रकाना मात्र सक्तीचाच राहिला. कॅशियरने त्यातून आपली वाट काढली. मला विचाराल तर त्या सगळ्या साखळीत त्याच्याइतका व्यवहारी माणूस दुसरा नव्हता.

मी धरमपेठेतल्या एका लहानशा डिजिटल मार्केटिंग कंपनीत काम करते. आमची गिऱ्हाइकं म्हणजे इतवारीतले सराफ, सीताबर्डीवरची दुकानं, कोचिंग क्लास, दातांचे दवाखाने. त्यांच्याकडे पडून असलेल्या याद्या घ्यायच्या, साफ करायच्या, मार्केटिंगच्या एखाद्या प्लॅटफॉर्मवर चढवायच्या, प्रत्येक माणसापुढे टॅग लावायचे आणि त्या टॅगांवरून गट पाडून कोणाला कोणता मेसेज जाईल ते ठरवायचं. घरी मी ‘कम्प्युटरचं काम’ एवढंच सांगते. दिवाळीत फोनवर येणारे सगळे मेसेज मीच पाठवते अशी आईची समजूत आहे आणि त्यावरून मला बोलणी बसतात.

कामाची भाषा थोडी सांगावी लागेल. प्रोफाईल म्हणजे एका माणसाबद्दल दुकानाला जे जे माहीत आहे, त्याची एक ओळ. टॅग म्हणजे त्या ओळीवर केलेली खूण. सेगमेंट म्हणजे यादीला विचारलेला प्रश्न : गेल्या सहा महिन्यांत रेशमी साडी घेतली, पण दिवाळीत फिरकल्या नाहीत अशा कोण? प्रश्न दरवेळी नव्याने विचारला जातो, म्हणून उत्तरही ताजं असतं. टॅगचं तसं नाही. कोणीतरी काढेपर्यंत तो जिथल्या तिथे बसून असतो. मेलचिंप या प्लॅटफॉर्मवर याशिवाय ‘ग्रुप’ नावाचा तिसरा प्रकार आहे. तो ग्राहक स्वतः फॉर्मवर निवडतो. टॅग मात्र आपण लावायचा आणि ज्याला लावला त्याला तो दिसत नाही. सगळी गोम इथेच आहे.

सगळा बाजार एकाच मापाचा नसतो, मागण्या वेगवेगळ्या असतात, तेव्हा त्यांचे गट ओळखून विका, हा विचार वेंडेल स्मिथ यांनी जुलै १९५६ मध्ये ‘जर्नल ऑफ मार्केटिंग’मधल्या लेखात मांडला. सेगमेंटेशन शिकवताना त्या लेखाचं नाव हमखास येतं. (१९५६ म्हटलं की नागपूरच्या माणसाला अमेरिकेतला लेख आठवत नाही. त्याला काय आठवतं, त्याकडे पुढे येतेच.) पुढे १९७०च्या दशकात जोनाथन रॉबिन यांच्या क्लॅरिटास कंपनीने तिकडच्या पिनकोडांवरून अख्ख्या देशाचे चाळीस गट पाडले आणि प्रत्येकाला चटकदार नावं दिली. तुम्ही कुठे राहता त्यावरून तुम्ही काय खाता, कोणती गाडी घेता, ते सांगायचं. आपल्याकडचे दुकानदार हे कोणी न शिकवता करतात. ४४००१४ पाहिलं की जरीपटका, आणि जरीपटका म्हटलं की सिंधी. तिथे सिंधी कुटुंबं पुष्कळ आहेत हे खरंच. पण त्याच पिनकोडात राहणाऱ्या इतरांना चेटीचंडच्या शुभेच्छा गेल्या, तर ते दुकानाबद्दल काय समजतील?

त्या कापड दुकानाची यादी साफ करताना पहिली अडचण नावांची. ‘वकीलसाहेब’, ‘चष्मेवाले’, ‘धरमपेठच्या काकू’, ‘काकूंच्या सूनबाई’. एकच बाई तीन स्पेलिंगांत तीन वेळा. आणि नंबर बहुतेक नवऱ्याचा, कारण पैसे देताना तोच पुढे होतो. त्यामुळे या दुकानातल्या नऊवारी साड्या मुख्यतः पुरुषच नेतात, असं यादीवरून कोणीही म्हणेल.

मग दुबार नोंदी. एकाच नंबरवर, त्याच बिलात, तोच माल त्याच किमतीला दोन वेगळ्या ओळींत दिसला तर एक ओळ काढून टाकायची, अशी सोय असते. बिलिंगच्या जुन्या फायलींत खरोखरच दुबार ओळी असतात, तेव्हा सोय चांगलीच आहे. मी ती चालवण्याआधी किती ओळी उडतील ते पाहते. इथे त्या ओळी तारखेप्रमाणे लावल्या, तर गणपतीच्या आसपासच्या दिवसांत एकदम ढीग. बाकी वर्षभर तुरळक. काउंटरवरच्या काकांना विचारलं. या दुकानात ते इतकी वर्षं आहेत की मालकही त्यांना काकाच म्हणतात. त्यांनी चष्मा वर केला, ओळी पाहिल्या आणि हसले.

“जोडी आहे न ताई ते. महालक्ष्म्या.”

पुण्या-मुंबईकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्या आमच्या विदर्भात महालक्ष्म्या. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर जेवतात, मूळ नक्षत्रावर परत जातात. एकीला उजवं, एकीला डावं झालं असं वाटू नये म्हणून कितीतरी घरांत दोघींच्या साड्या अगदी एकसारख्या घेतात : तोच रंग, तोच काठ, तोच भाव. कॅशियर दोन साड्यांचे दोन बारकोड मारतो, बिलात दोन ओळी उमटतात. सॉफ्टवेअरच्या मते त्यातली एक बहीण चुकून आलेली.

सोय बंद केली आणि या बिलांना टॅग काय लावायचा यावर ऑफिसात चर्चा झाली. सहकाऱ्याने ‘महालक्ष्मी घर’ सुचवलं. ऐकायला छान. पण दुकानाने महालक्ष्म्यांचं घर पाहिलेलं नाही, दोन सारख्या साड्या पाहिल्या आहेत. सारख्या साड्या दोन जावाही घेतात, करवल्यांसाठीही घेतात, आणि मैत्रिणीच्या घरच्या महालक्ष्म्यांना द्यायला आपल्या घरी त्या नसलेली बाईही घेते. म्हणून टॅग ठेवला ‘जोडी’, पुढे महिना आणि साल. जे घडलं ते, आणि कधी घडलं ते. माणूस कोण आहे ते नाही. या कामात मी शिकले ते एवढंच, आणि त्यासाठीच मला जास्तीत जास्त भांडावं लागतं.

तारखांची आणखी एक गंमत. ‘मागच्या खरेदीनंतर ३६५ दिवसांनी आठवण द्या’ असा तयार नियम बहुतेक प्लॅटफॉर्मवर मिळतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, महालक्ष्म्या २१ सप्टेंबरला आल्या. २०२४ मध्ये १० सप्टेंबरला, २०२५ मध्ये ३१ ऑगस्टला. २०२४च्या सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्याअखेर साड्या नेलेल्या बाईला ३६५ दिवसांचा मेसेज मिळाला असता, तेव्हा तिच्या महालक्ष्म्या जेवून-खाऊन आपल्या घरी गेलेल्या असत्या. ख्रिसमस दरवर्षी २५ डिसेंबरला येतो, अशा देशात तो नियम लिहिला गेला असणार. आमच्या ऑफिसात ऑटोमेशनच्या स्क्रीनशेजारी भिंतीवर कालनिर्णय लटकतं ते त्यामुळे. वर्षाच्या सुरुवातीला बसून तिथी पाहायच्या, तारखा हाताने भरायच्या.

गट पाडण्याची जुनी, भरवशाची समजली जाणारी पद्धत म्हणजे आरएफएम. गिऱ्हाईक शेवटचं कधी आलं, किती वेळा आलं, किती पैसे दिले. तिन्हींना एक ते पाच गुण द्यायचे. टपालाने माल विकणाऱ्यांच्या धंद्यात ती घडली आणि किराणा, औषधं, हॉटेल यांना ती ठीक चालते. कापड दुकानात ती बस्त्यापाशी अडते. लग्नाचा बस्ता फाडायचा म्हणजे अख्खं कुटुंब गादीवर येऊन बसतं. नवरीचा शालू, मुलाकडच्यांच्या साड्या, आहेराच्या, मानपानाच्या, कामवाल्या बाईची, असे ढीग पडतात. चहा येतो. एक मावशी रुसते. संध्याकाळी हातभर लांब बिल निघतं आणि नंतर ते घर तीन-तीन वर्षं दुकानाची पायरी चढत नाही. आरएफएमच्या हिशेबात हा ‘गमावलेला ग्राहक’. त्याला ‘आम्हाला विसरलात का?’ असा मेसेज जायचा. माणसं विसरलेली नसतात. घरात लग्नाचं कोणी उरलेलं नसतं.

आणि ठरलेलं लग्न मोडतंही. तसा एक बाप आहेराच्या साड्या परत करायला आला, ते काकांनी पाहिलेलं होतं. त्यांनी एक शब्द न विचारता माल परत घेतला. पण ‘लग्न’ हा टॅग बिलाबरोबर लागला होता. उलट बिलाबरोबर तो निघत नाही, कारण तशी कोणी सोयच ठेवलेली नसते. वर्षाने ‘लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा’ त्याच नंबरवर गेल्या असत्या. आता आमच्याकडे प्रत्येक टॅगला मुदत असते. ‘बस्ता’ वर्षाने आपोआप गळतो, ‘जोडी’ दोन वर्षं राहतो. मुदत नसलेला टॅग लावू द्यायचा नाही हा माझा हट्ट आहे आणि ऑफिसात त्याची टिंगलही होते.

भाषेच्या टॅगवर फार वेळ घालवणार नाही, पण नागपूरची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हे शहर मध्य प्रांताची आणि नंतर मध्य प्रदेशाची राजधानी होतं. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात आला, पण बाजाराची हिंदी गेली नाही. दुकानात शिरलेली बाई ‘भैया, वो वाली दिखाना’ म्हणते, विक्रेता ‘देखो न दीदी’ म्हणतो, आणि दोघंही आपापल्या घरी मराठी बोलतात. कॅशियरने भाषेच्या रकान्यात कानांनी ऐकलं ते लिहिलं : हिंदी. खरं तर रकान्याचा अर्थ एवढाच, की ही बाई आमच्या दुकानात हिंदी बोलली. त्यात पैशाचा प्रश्न. एका एसएमएसमध्ये रोमन अक्षरं १६० मावतात, देवनागरी फक्त ७०. मराठीत दोन ओळी लिहिल्या की एकाचे दोन मेसेज होतात आणि पैसेही दुप्पट. म्हणून बहुतेक दुकानं रोमन लिपीत मराठी पाठवतात आणि ती वाचताना माझ्यासारखीलाही दोनदा अडखळायला होतं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या २०१८च्या नियमांनुसार मेसेजचा मजकूर आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे ऐनवेळी शुद्धलेखन सुधारायचीही सोय नाही.

आता १९५६च्या दुसऱ्या तारखेकडे. १४ ऑक्टोबर १९५६ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवशी विजयादशमी होती. म्हणून दीक्षाभूमीवर दसऱ्याला, अशोक विजयादशमीला, देशभरातून लोक येतात आणि १४ ऑक्टोबरही पाळला जातो. पांढरी साडी, पांढरा कुर्ता, निळा काठ किंवा निळी ओढणी. त्या दिवसांत आणि पुन्हा १४ एप्रिलच्या आधी कापड दुकानांत पांढऱ्या मालाला उठाव असतो. दुकानाच्या मालकांना याच गिऱ्हाइकांना शुभेच्छा पाठवायच्या होत्या आणि साड्याही विकायच्या होत्या. दोन्ही रास्त. फक्त ही गिऱ्हाइकं यादीतून काढायची कशी?

“मॅडम, आडनावावरून काढून टाका न,” मालक म्हणाले. “नागपुरात आडनाव पाहिलं की समजते.”

तांत्रिकदृष्ट्या हे दहा मिनिटांचं काम आहे. आडनावांची एक यादी, एक्सेलमधलं एक सूत्र, एक नवीन रकाना. इतकं सोपं आहे म्हणूनच ते कितीतरी ठिकाणी होतं. आणि मालकांच्या मनात वाईट काहीच नव्हतं, हेही सांगायला हवं. मी आधी त्यांना चुकीचं उत्तर येईल हा मुद्दा सांगितला. विदर्भात एकच आडनाव चार-चार समाजांत सापडतं. लग्नानंतर काही जणी बदलतात, काही बदलत नाहीत. काहींनी आडनाव सोडून वडिलांचं नाव धरलंय. त्यावर मालकांचं उत्तर तयार होतं : थोडं इकडेतिकडे झालं तर झालं, शुभेच्छाच आहेत न. हे उत्तर अगदीच टाकाऊ नाही. म्हणून मला खरा मुद्दा बोलावा लागला, की उत्तर शंभर टक्के बरोबर आलं तरी हा रकाना नको.

दुकानदाराला गिऱ्हाइकाबद्दल मनात पुष्कळ काही माहीत असतं. ते तो आपल्या अकलेने वापरतो, कधी चांगलं, कधी वाईट. पण मनातल्या माहितीला फिल्टर लावून छापता येत नाही. रकान्याला येतो. ही फाईल आमच्याकडून एसएमएस पाठवणाऱ्या कंपनीकडे जाते, एक प्रत कॅशियरच्या कम्प्युटरवर राहते, एक कोणाच्या तरी मेलमध्ये. सोडून गेलेल्या माणसाच्या पेनड्राइव्हवरही असेल. टॅग साडी विकायला लावलेला असतो, वाचणारा साडी विकणाराच असेल असं नाही. पत्ता, फोन, घरातलं लग्न, खर्चाची ऐपत आणि शेजारच्या रकान्यात जात. अशी यादी नागपुरात एखाद्याला भाडेकरू निवडताना मिळाली तर?

कायदा इथे मदत करेल असं मला वाटत होतं. न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीच्या २०१८च्या माहिती संरक्षण मसुद्यात आणि २०१९च्या विधेयकात जात, जमात आणि धार्मिक श्रद्धा ही ‘संवेदनशील’ माहिती म्हणून वेगळी काढलेली होती, तिला कडक संरक्षण होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात तो वेगळा वर्गच उरला नाही. जात आणि मोबाईल नंबर एकाच पंगतीला. मला हे पटलेलं नाही. कोणत्याही देशापेक्षा आपल्याला तो वर्ग जास्त लागतो. पण कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे : माहिती कोणती घेता आणि कशासाठी, हे माणसाला साध्या भाषेत कळवून त्याची संमती घ्यायची. इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या बावीस भाषांपैकी त्याला हवी त्या भाषेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या तरतुदी लागू व्हायला तिथून अठरा महिन्यांची मुदत आहे.

तेव्हा मी मालकांसमोर बिलाच्याच कागदाच्या पाठीमागे ग्राहकाला द्यायची सूचना लिहिली : ‘आम्ही आपल्या आडनावावरून आपली जात ओळखतो व त्यानुसार आपल्याला मेसेज पाठवतो.’ कागद त्यांच्याकडे फिरवला. त्यांनी वाचला, काकांकडे सरकवला. काकांनी वाचून उलटा ठेवला.

“हे तं नाही छापता येत,” मालक म्हणाले.

“मग करताही येत नाही न, भाऊ.”

मग दोन गोष्टी केल्या. पहिली, मालावरून खूण : ‘पांढरी साडी’, महिना, साल. त्या यादीत दीक्षाभूमीवर जाणाऱ्या बायका असणारच. नर्सिंगच्या मुली आहेत, नाताळासाठी घेणाऱ्या आहेत, पंधरा ऑगस्टच्या कार्यक्रमासाठी घेणाऱ्या शिक्षिका आहेत. मेसेज सगळ्यांना एकच : पांढऱ्या साड्यांचा नवा माल आला आहे. कोणाच्या वतीने काही गृहीत नाही. दुसरी, ज्यांनी मेसेज घ्यायला होकार दिला होता त्यांना व्हॉट्सॲपवर सरळ विचारलं, की कोणत्या सणाआधी कळवू?

सरळ विचारणंही सोपं नाही. व्हॉट्सॲपच्या बटणांच्या मेसेजमध्ये तीनच बटणं बसतात, यादी पाठवली तर दहा ओळी. नागपूर दहा ओळींत बसवून दाखवा. दिवाळी, महालक्ष्म्या, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, नाताळ, चेटीचंड, छठ, गुढीपाडवा, पोळा. पोळा काढा असं मी म्हणाले, तर काका चिडले. तान्हा पोळ्याला लाकडी बैल घेऊन निघणाऱ्या पोरांना नवे कपडे लागतात, हे मी लक्षात घ्यायला हवं होतं म्हणे. राहिली एक ओळ. तिथे मालकांना नवरात्र हवं होतं, मला ‘काहीच पाठवू नका’.

“‘नको’ असं कोण स्वतःहून विचारते मॅडम?”

नवरात्र दिवाळीच्या ओळीत घातलं आणि माझी ओळ राहिली. शिवाय त्या यादीतून एका वेळी एकच ओळ निवडता येते, दोन नाही. लोकांनी त्यावर स्वतःच तोड काढली आणि उत्तरं टाईप करून पाठवली. ‘ईद भी, दिवाली भी.’ ‘सणाचं राहू द्या, सेल कधी ते सांगा.’ एका बाईंनी लिहिलं, की पोळ्याला कळवा, पण सकाळी, दुपारी मी झोपते. आम्ही तेही नोंदवलं. तिने स्वतः सांगितलेली ही माहिती माझ्या लेखी आडनावाच्या शंभर सूत्रांपेक्षा कामाची होती. ‘काहीच नको’ म्हणणारेही निघाले. त्यांना कायमचं वगळलं. मालकांना ते जड गेलं, पण वगळलं.

राहता राहिला शेऱ्यांचा रकाना. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एक मोकळी जागा असते, तिथे विक्रेते वाटेल ते लिहितात. ‘भाव करते.’ ‘नुसत्या साड्या उघडवते.’ ‘नवरा कंजूष.’ ‘मोठ्या घरची, एसीत बसवा.’ या शेऱ्यांचेच टॅग करून टाकावेत, म्हणजे कष्ट वाचतील, अशी एक सूचना होती. मेसेजच्या साच्यात चुकीचा रकाना जोडला गेला तर ‘नमस्कार, नुसत्या साड्या उघडवते’ असा मेसेज जाऊ शकतो, एवढं सांगितल्यावर ती सूचना मागे पडली. शिवाय नव्या कायद्याने ग्राहकाला आपल्याबद्दलची माहिती मागण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसायला लावण्याचा हक्क दिलाय. तेव्हा समोर उभं राहून तिला वाचून दाखवता येईल तेवढंच लिहायचं, असं ठरलं.

“मग काहीच लिहू नको का?” काकांनी विचारलं.

लिहायला हवंच. त्याच रकान्यात ‘मागच्या वेळी फॉल-पिको उशिरा मिळालं’, ‘आईला पायऱ्या चढवत नाहीत, माल खाली आणून दाखवा’, ‘सिंथेटिकची अंगावर पुरळ येते, सुतीच’ असे शेरेही होते. सगळे काकांचे. त्यांचे टॅग केले आणि मला वाटतं दुकानाला त्यातून सगळ्यात जास्त मिळालं. सिंथेटिक नको म्हणणाऱ्यांना उन्हाळ्याच्या तोंडाशी सुती मालाचा मेसेज गेला. नागपूरच्या मे महिन्यात त्यासाठी वेगळ्या हुशारीची गरज नव्हती. तरी पुरळ हा शब्द टॅगमध्ये ठेवला नाही. ‘सुतीच’ एवढाच ठेवला. तिच्या कातडीचं तिच्याकडे राहू दे.

आता छोट्या मालकांनी नवीन काढलंय. प्लॅटफॉर्मवर भाकिताचे टॅग आले आहेत : कोण पुढच्या महिन्यात येईल, कोण सोडून जाईल. नावावरून स्त्री की पुरुष, तेही प्रणाली स्वतः ठरवते. ज्या यादीत नऊवारी पुरुष नेतात आणि निम्म्या बायकांच्या पुढे नवऱ्याचं नाव आहे, त्या यादीवरून ती काय शिकेल, हे मी त्यांना दाखवलं. ते म्हणतात, माहिती वाढली की आपोआप सुधारेल. मी ते बटण सध्या बंद ठेवलंय. मोठे मालक माझ्या बाजूने आहेत, कारण त्या सोयीचे पैसे वेगळे पडतात.

यंदा ज्येष्ठ अधिक आल्याने महालक्ष्म्या सप्टेंबरच्या मध्यावर गेल्या आहेत. गेल्या वर्षीच्या तारखेने ‘जोडी’ची यादी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातच निघाली असती. मी ती ऑगस्टअखेरवर ढकलली. काकांना सांगायला गेले, तर त्यांनी सारख्या काठांच्या जोड्या आधीच वेगळ्या बांधायला घेतल्या होत्या आणि माझ्याकडे मान वर करून पाहायलाही त्यांना वेळ नव्हता.